कट केला, कट हुकला

गल्लीत सगळे तिला टेपकाकू म्हणत. मापाची टेप गळ्यात नाही अशी ती कोणाला दिसली असेल तर फक्त लग्नाच्या फोटोत. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात एक पडदा आणि पडद्यामागे आरसा. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता ती त्याच्या पोटातलंही काढून घ्यायची. सासूशी पटत नाही इथपासून नोकरी सोडायचा विचार आहे इथपर्यंत सगळं तिला माहीत असायचं. पोटातलं काढता यायचं नाही ते एकट्या लेकाचं.

लेक गोल्फ खेळायचा, आणि तेही हौसेखातर नाही, पोटासाठी. नवरा गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालवायचा. त्याच्या मागेमागे हिंडून पोराने खेळ उचलला. नवरा गेला, खेळ घरात राहिला. यंदा बाब्याला (घरात त्याला बाब्याच म्हणत) व्यावसायिक टूरचं कार्ड मिळालं होतं. टूर म्हणजे वर्षभर गावोगावी चालणाऱ्या स्पर्धा, आणि कार्ड म्हणजे त्यांत खेळायचा परवाना. पण परवाना एकाच हंगामाचा. शेवटी गुणांच्या तक्त्यात पहिल्या साठांत राहिलात तर पुढच्या वर्षी या, नाहीतर पुन्हा पात्रता फेरीपासून श्रीगणेशा. टेपकाकूला खेळातलं एवढंच कळत होतं, आणि झोप उडवायला एवढं पुरेसं होतं.

पात्रता फेरीच्या वेळी ती घरी मोबाइलवर आकडे बघत बसली होती. आकडा हलला की फोन. बाब्या चेंडू मारायला वाकला की नेमकी त्याच्या बॅगेतून घंटी वाजायची. कसाबसा तो पात्र ठरला आणि घरी येऊन तिच्यापुढे बसला.

"आई, एक करशील? आकडे बघायचे नाहीत. कसं झालं, काय झालं विचारायचं नाही."

"मग मला कळणार कसं? स्वप्नात येऊन सांगणार आहेस?"

"शुक्रवारी संध्याकाळी मामा मेसेज करेल."

मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बसचा कंडक्टर म्हणून रिटायर झाला आणि भाच्याची गोल्फच्या काठ्यांची बॅग उचलायला टूरवर गेला. आयुष्यभर 'पुढे चला' आणि 'सुटे द्या' याखेरीज फारसं न बोललेला माणूस. त्याचे मेसेजही तिकिटाएवढेच.

पहिल्या स्पर्धेच्या शुक्रवारी मेसेज आला: "कट केला."

आता, या खेळात स्पर्धा चार दिवसांची असते. दोन दिवस झाले की एक रेघ मारतात. रेघेच्या वरचे पुढे खेळतात, खालचे सामान बांधून घरी जातात. या रेघेला कट म्हणतात. वर राहिला त्याने कट केला, खाली गेला त्याचा कट हुकला. टूरवरच्या पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. टेपकाकूला नव्हतं, आणि विचारायचं नाही असा शब्द तिने दिला होता.

तिने आपल्या परीने अर्थ लावला. पत्ता कट होतो, फोन कट होतो, पगार कट होतो. यातलं काय चांगलं असतं? शिवाय तिच्या टेबलावर कापड एकदा कापलं की कापलं. बाब्याला कट केला. हातातला ब्लाउज बाजूला ठेवून तिने डोळे टिपले आणि त्याला फोन लावला.

"बाळा, जाऊ दे. होतं असं. हातपाय धड आहेत ना? मग झालं."

पलीकडे बाब्या जरा घोटाळला. "हो आई," म्हणाला.

तो सोमवारी आला. दोन आठवड्यांनी दुसरी स्पर्धा, आणि शुक्रवारी मेसेज: "कट हुकला." टेपकाकू उभ्या जागी हसली. वार हुकतो, घाव हुकतो, तसा कट हुकला. कात्री अंगाला चाटून गेली आणि कापड वाचलं. या खेपेला बाब्या शनिवारीच घरी आला. तेही तिला पटलं. शाळेत नाही का, पास झालेल्यांना सुट्टी आणि नापासांना जादा तास? तिने केक भाजला, त्याच्या आवडीचा, वरून अक्रोड घातलेला. बाब्या मान खाली घालून दारात आला तर आई नव्या पडद्यासारखी फुललेली.

"ये ये. दमलास? आधी खा, मग झोप. आज कोणी काही बोलायचं नाही."

मामाने बॅग टेकवली, बहिणीकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं आणि केकचा मोठा तुकडा उचलला. त्याला एवढंच समजलं की ताई फार समंजस झाली आहे.

हंगामभर हे असंच चाललं. पोरगा जिंकत आला की घरात सुतक, हरत आला की केक. ती त्याच्या पँटींचे खिसे खोल करून द्यायची, चेंडू नीट बसावेत म्हणून, आणि टीप घालता घालता मनात म्हणायची, हुकू दे रे, हुकू दे.

आणि बाब्याचं म्हणाल तर त्याचा खेळ सुधारत चालला. टूरवरचे बाकीचे तरुण घरच्या फोनला घाबरायचे. एकाचा बाप हरल्यावर चार दिवस बोलत नसे. बाब्याला ती भीती नव्हती. फार तर काय होईल, केक मिळेल. आणि जिंकल्यावर डोक्यात हवा जायचीही सोय नव्हती, कारण आई म्हणणार, जाऊ दे, होतं असं.

शेवटची स्पर्धा घरापासून बसने जाता येईल अशा मैदानावर होती. गुणांच्या तक्त्यात बाब्या अगदी साठाव्या जागेच्या उंबऱ्यावर. मामाने एरवीपेक्षा लांब मेसेज केला: "शुक्रवारी सगळं ठरणार. ये."

टेपकाकू आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेली. मखमल अंथरावी तसं गवत, आणि हजारभर माणसं असून कोणी शिंकत नव्हतं. शेवटच्या होलपाशी दोरीला लागून ती उभी राहिली. शेजारी टोपी घातलेल्या एक बाई होत्या, दुसऱ्या एका खेळाडूची आई. दोघींची लगेच गट्टी जमली.

"तुमचा तोच ना, निळ्या पँटमधला? पँट काय सुरेख बसलीय."

"मीच शिवली. पाठीमागे एक चुणी जास्त घातलीय, वाकावं लागतं ना."

"हा चेंडू गेला की कट होईल त्याचा. माझ्या मुलाने सांगितलं, मग कार्डही पक्कं."

"नको हो," टेपकाकू कुजबुजली. "कट नको. हुकला तर बरं."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, सख्खी आई ना तुम्ही?"

"म्हणून तर म्हणते."

"कट हुकला तर पोरगा घरी बसेल. केला तर राहील. कट करायचा असतो, ताई."

टेपकाकू काही विचारणार तेवढ्यात मैदानावरच्या माणसाने 'शांतता' लिहिलेली पाटी वर केली. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिच्या डोळ्यांपुढून अख्खा हंगाम उलटा फिरला. ते सगळे केक. ते सगळे 'जाऊ दे'. पोराच्या प्रत्येक विजयावर तिने सांत्वनाचं पांघरूण घातलं होतं, आणि आत्ता, या घटकेपर्यंत, ती त्याच्या विरुद्ध प्रार्थना करत होती. देवाने तेवढं ऐकलेलं नसू दे.

बाब्या वाकला. पाठीमागची चुणी उलगडली. चेंडू निघाला, उताराला लागला, भोकाच्या काठावर जरा रेंगाळला. टेपकाकूने गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती टेप गळ्यात आहे हे तिला तेव्हाच कळलं. चेंडू आत पडला.

टाळ्या विरायच्या आत मामा बॅग सावरत आला. "ताई, कट केला."

मागोमाग बाब्या आला, घामाघूम, आणि तिच्यापुढे उभा राहून हसत वाट बघू लागला. "म्हण ना, आई."

"काय म्हणू?"

"नेहमीचं. त्याशिवाय उरलेले दोन दिवस खेळू कसा मी?"

टेपकाकूने पदराने त्याचं कपाळ पुसलं. मग ती म्हणाली, "जाऊ दे, बाळा. होतं असं." आणि इतकी मोठ्याने हसली की पाटीवाल्या माणसाने तिच्याकडे वळून पाहिलं.

रविवारी यादी लागली. बाब्याचं नाव साठांच्या आत, अगदी काठाला, पण आत. सोमवारी सकाळी टेपकाकूने आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि केक भाजला. या वर्षातला पहिलाच बरोबर दिवशी भाजलेला केक.

दुपारी बाब्या दारात आला, वास घेतला आणि पायरीवरच थबकला. चेहरा पांढराफटक.

"मामा," तो मागे वळून म्हणाला, "यादी नीट बघितली होतीस ना?"

"बघितली की. का?"

"आईने केक केलाय."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टेपकाकूने दोघांना टेबलाशी बसवलं, कात्री आणि खडू बाजूला सारले आणि पहिल्या शुक्रवारपासून सगळं सांगितलं. मामाने चष्मा काढून डोळे पुसले. "आणि मी टूरभर सांगत फिरलो," तो म्हणाला, "की माझ्या बहिणीसारखी शहाणी आई कोणाची नाही."

बाब्याने मात्र आधी केकचा एक तुकडा संपवला. मग दुसरा तुकडा घेत म्हणाला, "पुढच्या वर्षीही हरल्यावरच करायचा. ठरलं?"

"आणि जिंकलास तर?"

"तर माझं पोटातलं विचारत बस."

तिने गळ्यातली टेप काढली आणि नव्या हंगामाच्या पँटीसाठी त्याला उभं राहायला सांगितलं. कंबर या वर्षात चांगलीच वाढली होती.