व्हाळापलीकडचा माड

आमचा व्हाळ काजूच्या डोंगरातून उतरतो, आमच्या परड्यामागे कोपरासारखा वळतो आणि वालावलच्या अलीकडे कर्ली नदीला मिळतो. उन्हाळ्यात त्यात घोटाही बुडत नाही. पावसात मात्र तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून वाडीत रिवाज असा, की व्हाळाची मधली धार ती हद्द. तो सरकला की हद्द सरकली; गेलेल्या मातीवरून भांडायचं नाही.

वळणावर अलीकडे आमचं परडं, पलीकडे काकीचा मळा. काकी नात्यातली नव्हे, शेजारची, एकटीच राहते. मळ्याच्या काठावर तिच्या नवऱ्याने लावलेला माड. नवरा गेल्यापासून ती त्या माडाशीच बोलते, म्हणून आम्ही तिला चिडवायचो. तीही हसायची.

गेल्या उन्हाळ्यात मी वळणावर चिऱ्यांचा गडगा घातला, चांगला व्हाळात पुढे घेऊन. परड्याची माती वाहून जाते, असं सगळ्यांना सांगितलं. थोडी जागाही पदरात पडत होती, ते नाही सांगितलं. पावसात गडग्यावर आपटलेलं पाणी पलीकडे फिरलं आणि काकीचा मळा कापत थेट माडाच्या मागून निघालं. जुनी वाट गाळाने भरली. पाऊस ओसरल्यावर बघतो तर काकीचा माड आमच्या बाजूला.

"व्हाळान दिल्यान. आपण खंय मागूक गेलव?" बायको म्हणाली.

मलाही तेच हवं होतं. पाडेली नारळ पाडायला आला तेव्हा मी त्याला तोही माड दाखवला. जनाची नाही, मनाची तरी वाटायला हवी होती. नारळ धपाधप पडत होते आणि मी पलीकडे बघायचं टाळत होतो.

पावसाआधी काकी दरवर्षी त्या माडाचा नारळ व्हाळाच्या राखणदाराला ठेवते. राखणदार म्हणजे वळणावरचा एक काळा दगड. यंदा ती व्हाळ ओलांडून आमच्या दारापुढच्या खळ्यात आली.

"झिला, एक नारळ दी रे. राखणदाराक ठेवूचो आसा."

"एक कशाक, सगळे व्हर गो काकी," हे ओठांवर आलं होतं. दिला एकच. तोही जरा मोठा निवडून, उपकार केल्यासारखा.

देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मागणं मागायचं, तर "होय म्हाराजा" म्हणून होकार द्यायला दुसरं कुणीतरी लागतं, म्हणून ती मला दगडापाशी घेऊन गेली. नारळ ठेवून तिने हात जोडले.

"बा म्हाराजा, व्हाळाच्या अल्याड-पल्याडच्या लेकरांक सांभाळ. येतल्या पावसात कोणाच्या गडग्याक धक्को लागूक दिव नको."

त्या वळणावर गडगा एकच आहे. माझा.

आता "होय म्हाराजा" म्हणायचं माझ्याकडे होतं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. काकी डोळे मिटून थांबली होती.