एका नमस्कारात गेलेली नोकरी

यांना नोकरी नाकारण्याआधी तो मुलगा यांच्या पाया पडला.

आज यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी श्राद्ध झालं, भटजी जेवून गेले, मुलगी सासरी परत गेली. आता घरात कोणी नाही म्हणून लिहिते आहे. मी मॅट्रिक शिकलेली बाई, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे एमआयडीसीत मासळीच्या कंपनीत अमोनिया प्लांट ऑपरेटर होते. कोल्ड स्टोरेज थंड राहतं ते या गॅसवर. तो सांभाळायचं काम.

सुट्टीच्या दिवशी कंपनीतली पोरं फोन करायची. हे म्हणायचे, "फोन मशीनजवळ धर."

कंप्रेसरचा आवाज ऐकायचे आणि घरात बसून सांगायचे, "तेल बघ रे आधी."

कंपनी बंद झाली तेव्हा हे चोपन्न वर्षांचे होते. मुलीचं लग्न व्हायचं होतं.

पहिला इंटरव्ह्यू लोट्याच्या एका कंपनीत. समोर मुलीच्या वयाची मॅडम. म्हणाली, "काका, इथे सगळी यंग टीम आहे. तुम्हाला करमेल का?"

हे म्हणाले, "मॅडम, मी करमायला नाय आलो. प्लांट चालवायला आलो."

कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

आणखी दोन ठिकाणी तसंच. मग यांनी केसांना काळा रंग लावायला सुरुवात केली. एक पाकीट मी दोनदा पुरवायची.

मग आमच्या गावातच नवीन कोल्ड स्टोरेज निघालं. ऑपरेटर पाहिजे होता. मॅनेजर म्हणून आला निखिल. आमच्या जुन्या आळीतल्या शैलावहिनींचा मुलगा. शिकायला बाहेर गेला होता, यांना त्याने दहा-बारा वर्षांत बघितलेलं नव्हतं.

हे म्हणाले, "मला ओळखत नाय तेच बरं. त्याला ऑपरेटर पाहिजे, शेजारी नको. कोणाला काही बोलू नकोस गो."

इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस आम्ही स्वयंपाकघरात केली. मी स्टुलावर बसून साहेब झाले. यांनीच प्रश्न लिहून दिले होते, ते मी वाचायचे.

"गॅस लीक झाला तर काय कराल?"

हे उभे राहून सगळं सांगायचे. कुठला व्हॉल्व्ह आधी, वारा कुठून, माणसं कुठल्या बाजूने बाहेर काढायची.

"मॅनेजर तुमच्यापेक्षा लहान आहे. चालेल?"

"चालेल, सर. मी साहेबाचं वय बघत नाय, सही बघतो."

"अहो, हसू नका मध्येच."

"तू सर झालीस म्हणून हसतोय."

किती दिवसांनी हसले होते.

मला वाटलं, एवढी तयारी केली आहे, देवीने हात द्यावा. नवरात्र होतं. देवळात आरतीनंतर शैलावहिनी भेटल्या. मी त्यांची ओटी भरली आणि म्हटलं, "वहिनी, आमच्या यांचा परवा निखिलकडे इंटरव्ह्यू आहे. जरा सांगाल का?"

त्या म्हणाल्या, "अगो, हे काय विचारणं? भाऊजींनी त्याला सायकल शिकवलीय."

मी देवीला पुन्हा एकदा हात जोडले आणि घरी आले. यांना काही बोलले नाही.

इंटरव्ह्यूला बाहेर सात-आठ पोरं बसली होती. एकेकाला अर्धा अर्धा तास विचारत होते. यांचं नाव पुकारलं. हे आत गेले आणि "गुड मॉर्निंग, सर" म्हणायच्या आत निखिल टेबलामागून उठून आला. सगळ्यांसमोर वाकला. बाजूच्या माणसाला म्हणाला, "हे आमचे काका."

चहा मागवला. बिस्किटं मागवली. काकी कशा आहेत, गुडघे काय म्हणतात, सगळं विचारलं.

अमोनियाचा एक प्रश्न विचारला नाही. सर्टिफिकेटांची फाईल यांच्या मांडीवरच राहिली.

शेवटी म्हणाला, "काका, तुम्हाला मी शिफ्ट कशी लावणार? काही चुकलं तर तुम्हाला बोलणार कोण? आई मला घरात घेणार नाय. तुमचं आता आरामाचं वय."

हे घरी आले. म्हणाले, "पाया पडला."

मी म्हटलं, "मग झालंच काम." आणि देवापुढे साखर ठेवायला उठले.

"बस खाली," हे म्हणाले. मग सगळं सांगितलं. आणि विचारलं, "त्याला कोणी सांगितलं असेल गो?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

दिवा लावते त्या देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हटलं.

पुढचंही ऐका. तीन महिन्यांनी निखिलचा फोन. "काका, कंप्रेसर ट्रिप होतोय, सारखा बंद पडतोय. जरा येऊन बघता का? तुम्ही घरचेच."

मी म्हटलं, जाऊ नका.

"आत माल खराब होईल," म्हणाले आणि गेले. दुपारपर्यंत चालू करून आले. संध्याकाळी निखिलने कोळंबी पाठवली. यांच्याऐवजी नोकरीवर घेतलेलं पोरगं ती पिशवी घेऊन आलं होतं, यांना म्हणालं, "सर, मला शिकवाल का?"

टाकवेना म्हणून कोळंबी मी केली. हे जेवले.

असं आणखी चारदा बोलावलं. चारदा गेले. बाकीचे दिवस एका शोरूमच्या दाराशी वॉचमन म्हणून उभे राहायचे. केस रंगवणं सोडून दिलं.

गेले तेव्हा खांदा द्यायला निखिल पहिला. रडला पण. शैलावहिनी मला म्हणाल्या, "देवमाणूस होते." मी मान हलवली. त्यांना काय बोलू? त्यांनी मी सांगितलं तेवढंच केलं.

अहो, तुम्ही मला एकच गोष्ट सांगितली होतीत, कोणाला बोलू नकोस. तीस वर्षांत तुमचं काम मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मला वाटलं नुसत्या कामावर कोण घेतं. ओळख लागते.

मीच सांगितलं होतं शैलावहिनींना, अहो. देवळात बसून सांगितलं होतं.

लोक आज श्रद्धांजली लिहितील. मी माफी लिहिते.