आक्कानं धुतलेल्या काचा

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट अजून हसत सांगितली जाते: आक्कानं माझी डॉक्टरेट धुऊन वाळत घातली. ही गोष्ट मीच पसरवली, आणि ती खोटी आहे.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. डॉक्टरेटसाठी बोरेटच्या काचेत डिस्प्रोशियम नावाचा धातू किंचित मिसळून मी शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या केल्या होत्या. अशा काचेवर क्ष-किरण पडले की त्यांची ऊर्जा तिच्यात साठून राहते. पुढं अंधारात तापवली की काच थोडा वेळ उजळते, आणि त्या उजेडावरून किरण किती लागले ते कळतं. एक्स-रेच्या खोलीत राबणाऱ्यांच्या खिशाला ती लावता यावी, एवढीच माझी इच्छा होती. पावसाळाभर साठा टिकतो का हे पाहायला किरण दिलेल्या चकत्या मी काळ्या कागदात गुंडाळून घरच्या कपाटात ठेवल्या.

गणपतीच्या आधी आक्का, माझी थोरली बहीण, तिच्या गावाहून, बेळगुंदीहून, साफसफाईला आली. तिनं चकत्या धुतल्या आणि सुपात घालून गच्चीवर ठेवल्या. उन्हात तो साठा पुसला जातो. मी तिच्यावर ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "मळली हुती रं, म्हून धुतली."

काच मळली नव्हती. बेळगावच्या दमट हवेत माझी काच पाणी ओढून पांढुरकी पडली होती. आठवड्याआधीच मी त्यातल्या काही चकत्या तापवून पाहिल्या होत्या. त्या मिणमिणल्याही नाहीत. काच चांगली असती तर आक्काला ती धुवावीशी वाटलीच नसती. तरी मार्गदर्शकांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना मी तिचंच नाव सांगितलं.

आक्का त्या कपाटाच्या खोलीत पुन्हा आली नाही. हळूहळू घरीही यायची थांबली. पत्नी गेल्यापासून मी एकटाच असतो. परवा बस धरून बेळगुंदीला गेलो.

"आक्का, काच आधीच बिघडली होती. तुझी चूक न्हवती."

ती शेंगा फोडत होती. "लग्नाकार्यात माझी चेष्टा करायची समदी, तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग आत्ता का आलास सांगाय?"

"घरी कुणी येत न्हाय."

"म्हंजे आताबी तुझ्याचसाठी."

तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. कपबशीत आला, पाहुण्याला देतात तसा. 'घरी ये' म्हणायला माझी जीभ रेटेना. मग तिच्यादेखत तिच्या सुनेला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आक्का मान वर न करता शेंगा फोडत राहिली. बाकीच्या नातेवाइकांसाठी हे लिहिलं आहे.