सशाचा आवाज

सशाकाकांना खोकला आला की ते आधी खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबत आणि मगच खोकत. शिंकही पंच्यातच. हसायचे ते ओठ मिटून. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा फार रीतीचा आहे. गावाला खरं कारण ठाऊक होतं. काकांच्या गळ्यात एक आवाज अडकून बसला होता, आणि तो चुकून बाहेर पडू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त होता. तो आवाज धरलेल्या सशाचा. ससा तसा मुका प्राणी. मरणाच्या वेळी मात्र ओरडतो. काका म्हणत, "जल्मात एकदाच वरडतो गो. पन ऐकनाऱ्याला तेवढं पुरतं."

पेणच्या खाडीकडचं त्यांचं गाव. जन्म मिठागरात गेला. आगर बंद पडलं तेव्हा ते शर्यतींत शिरले. भातं कापून झाली, जमीन सुकून तिला भेगा पडल्या की आमच्याकडे कुत्र्यांच्या शर्यती लागतात. उंच पायांची, पोट पाठीला लागलेली ग्रेहाउंड कुत्री टेम्पोतून येतात, लाउडस्पीकर लागतो, मालक मंडळी एकसारखे टीशर्ट घालून हिंडतात. कुत्र्यांपुढे पळणारा ससा गोणपाटाचा असतो, वर बकरीचं कातडं शिवलेला. त्याची दोरी उलट्या ठेवलेल्या सायकलच्या चाकाला बांधायची आणि पेडल हातानं गरगर फिरवायचं. हे काम काकांचं, म्हणून त्यांचं नाव ससा पडलं. मी पुढे काका जोडलं.

मी रोह्याजवळच्या वरसे गावची. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. जगात जे जे वाईट आहे ते एका पानावर, दोन्ही बाजूंनी छापून वाटलं की संपतं, अशी माझी बाविसाव्या वर्षी खात्री होती. शर्यतीवरचं माझं पहिलं पत्रक मी रोह्यात छापून घेतलं आणि थेट मैदानावर वाटायला गेले. मालकांनी ते घेतलं, त्यावर भजी ठेवून खाल्ली आणि माझं नाव पत्रकवाली ठेवलं. सायकलपाशी बसलेल्या म्हाताऱ्याने मात्र ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "अक्षर बरं हाय. राग पन बरा हाय. जेवलीस काय गो?"

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. जायची वेळ भर दुपारची, कारण त्यांच्या गावची गाडी तेव्हाच होती. बंद पडलेल्या आगरात मीठ फुलून आलेलं असे. सगळीकडे पांढरं आणि सपाट. माणसाची सावली पायाखाली आखडलेली. पहिल्या दिवशी मी बांधावर चढले आणि जागीच थांबले. समोर नऊ कुत्री ओळीने उभी होती. एकही भुंकलं नाही. कुणाचा पाय वाकडा जुळलेला, कुणाचा खांदा उतरलेला, एकाला डोळाच नव्हता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. काकांच्या बंद दाराकडे बघत होती, आणि दार उघडेपर्यंत त्यांतलं एकही हललं नाही.

ती सोडलेली कुत्री होती. शर्यतवाल्यांच्या बोलीत हा शब्द दोनदा येतो. शर्यतीच्या रेषेवर कुत्रं सोडतात, आणि पाय मोडला की तेच कुत्रं खाडीच्या बांधावर आणून सोडतात. पहिल्या सोडण्यावर टाळ्या असतात. दुसऱ्याला टेम्पोचं इंजिनसुद्धा बंद करत नाहीत. अशी कुत्री काकांकडे कशी पोचत, ते कुणी सांगू शकत नसे. काका त्यांना पेज घालत, कळकाच्या कामट्या लावून पाय बांधत. पण नाव कुणाला देत नसत. म्हणत, "नावानं हाक मारायला तोंड उघडावं लागतं."

एवढी भीती कशाची, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. मैदानावर गोणपाटाचा ससा पळतो, पण तालमीत पळत नाही. रोह्याच्या डोंगरातून जाळ्यात धरून आणलेले जिवंत ससे तालमीच्या माळावर येत. काका ते डाव्या कमरेला लटकवलेल्या पोत्यातून एकेक काढत, कोवळ्या कुत्र्यांपुढे धरत आणि मग दोरीला बांधत. वीस वर्षं. "ऐकून ऐकून माज्यात शिरला तो," ते म्हणाले. एकदा हातावर उकळतं तेल सांडलं तेव्हा त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली ती माणसाची नव्हती. गावात त्या दिवशी शर्यतीचे तीन टेम्पो उभे होते. सगळी कुत्री दोऱ्या तोडून त्यांच्या अंगणात आली. बायको वारली तेव्हा काका रडले नाहीत. तिरडीमागून पंचा दातांत धरून चालले. भावकीने दगड म्हणून नावं ठेवली. मला म्हणाले, "रडलो असतो नि तोच निगाला असता तर? तिच्या मढ्यावर कुत्री आली असती गो."

मी दुसरं पत्रक काढलं. या वेळी मथळा तीनच शब्दांचा, मोठ्या टाइपात: कुत्री सोडू नका. माझा अर्थ सरळ होता, शर्यतीत सोडू नका. सोबत तहसील कचेरीत अर्जही दिला. पत्रक गावोगाव गेलं, लोक त्यावर बोलू लागले आणि मी फुशारून काकांकडे गेले.

बांध रिकामा होता. नुसतं मीठ चमकत होतं. जुनी नऊ कुत्री मागल्या पडवीत होती. महिनाभरात नवीन एकही आलं नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे सोडणं थांबलं. काका उठले. मग मला खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीपलीकडे घेऊन गेले. तिथे चिखलात चार ठिकाणी माती उकरून दाबलेली होती. एका ठिकाणी गळ्यातल्या दोरीचं टोक वर आलं होतं.

"तू लिवलंस त्यात खोटं काय नाय," काका म्हणाले. "पन त्यांनी त्यांच्या बोलीत वाचलं. सोडू नका म्हनालीस. आता सोडत नायत."

पत्रकातला शब्द परत घेता येत नाही, हे मला तिथे कळलं. मी चिखलात बसून रडले. काकांनी मला आपला पंचा दिला नाही. तो त्यांना स्वतःलाच लागला.

आठवड्याने मोठी शर्यत होती. डोलवीकडच्या एका ठेकेदाराची चांदणी नावाची कुत्री तीत पळणार होती. तिचा पुढचा पंजा चिरफळलेला काकांनी पाहिला होता. ती पळाली तर मोडणार आणि मोडली तर पाचवा खड्डा, हे आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसत होतं. माझ्या अर्जावरून सरकारी जनावरांचे डॉक्टर आणि एक हवालदार मैदानावर आले. मालकांनी त्यांना सरबत दिलं आणि गोणपाटाचा ससा हातात दिला. ठेकेदार हसून म्हणाला, "साहेब, आमची कुत्री याच्याशिवाय दुसरा ससा ओळखत नाहीत. ही पत्रकवाली, हिला बकरीचं कातडंसुद्धा दुखतं." लोक हसले. डॉक्टर मला म्हणाले की डोळ्यांपुढे काही दिसल्याशिवाय त्यांना लिहिता येणार नाही. चांदणीच्या पंजाला काळं मलम फासलेलं होतं, आणि ती चालत होती.

काका सायकलजवळून उठले. मैदानाच्या मधोमध आले. त्यांनी पंचा काढून त्याची नीट घडी केली आणि ती जमिनीवर ठेवली. मग तोंड उघडलं.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. स्पीकर कुणी बंद केला ते आठवत नाही. चौदा कुत्र्यांच्या माना एकाच वेळी वळल्या. धरणाऱ्यांच्या हातांतून दोऱ्या निसटल्या आणि सगळी कुत्री काकांभोवती गोळा झाली. एकानेही त्यांना चावलं नाही. सगळ्यांनी नाकं खुपसली ती काकांच्या डाव्या कमरेला. तिथे काही नव्हतं. जुना सदरा होता फक्त. त्या मोकळ्या जागेत ती हुंगत राहिली, एकमेकांना ढकलत, न भुंकता. चांदणी सगळ्यांत शेवटी, तीन पायांवर आली.

डॉक्टरांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. "तिथे काय असायचं?" त्यांनी विचारलं.

"पोतं," काका म्हणाले. "जित्या सशांचं."

शर्यत त्या दिवशी झाली नाही. चांदणीला डॉक्टरांनी ताब्यात घेतलं आणि पुढे उपचारासाठी काकांकडेच ठेवलं. संध्याकाळी जबाबाआधी माझी तक्रार मी लिहीत होते. काकांना साक्षीदार करायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यांनी पान आपल्याकडे ओढलं.

"पयलं माजं नाव लिव. आरोपीत."

मी वाद घातला. ते म्हातारे आहेत, पोटासाठी केलं, आज त्यांनीच सगळं उघड केलं. जे जे सुचत होतं ते सगळं मी बोलले. ते ऐकून घेत होते, तोंडावर पंचा नव्हता.

"साक्षीदार बगतो गो," ते म्हणाले. "मी बगत नव्हतो. धरत होतो."

मी लिहिलं. त्यांनी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून तपासलं.

पुढच्या थंडीत काका गेले. मी पोचले तेव्हा भावकी बाहेर ताटकळत होती. दारात कुत्री उभी होती आणि कुणाला आत जायचं धाडस होत नव्हतं. मी गेल्यावर ती बाजूला झाली. चांदणी आता वरशाला माझ्याकडे आहे.

खटल्याची तारीख त्यानंतर लागली. पेणच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. शिपायाने बाहेर जाऊन एक नाव पुकारलं, बापाचं नाव आणि आडनाव लावून. कोण, ते मला कळलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्या वेळी ते नाव तक्रारीतल्या माझ्याच अक्षरात डोळ्यांपुढे आलं आणि मी उभी राहिले. आरोपी मयत आहे, असं सांगितलं. कारकुनाने मान वर न करता विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण?

मुलगी म्हणता येत नव्हतं, भाची म्हणता येत नव्हतं. बाजूच्या बाकावर ठेकेदार बसला होता, माझ्याकडे बघत.

"त्यांचं नाव लिहिणारी," मी म्हटलं.

कारकुनाने ते लिहून घेतलं नाही. पुढचं नाव पुकारायला सांगितलं.