बायफोकल घेताना इचारा

यंदा दहावीचा निकाल लागला तसा मी आमच्या कळस गावातली घरं फिरलो. अकरावीला जाणारं पोर असेल त्या घरी जायचं, चहा नको म्हणायचं आणि विचारायचं, "पुढं काय व्हायचंय? त्याला बारावीला कुठले विषय लागत्यात, ते इचारलं का?" पोरं मला 'बायफोकल आबा' म्हणतात. म्हणू द्यात. चौथी शिकलेला म्हातारा हे सांगत का फिरतो, ते लिहून ठेवतो.

नात दहावीला होती तेव्हा तिची आजी, माझी बायको, गेली. शेवटचे दिवस बारामतीच्या दवाखान्यात निघाले. तिथली एक नर्स हिची वेणी घालायची, मधोमध भांग पाडून, हिला आवडायची तशी. एके दिवशी हिनं आमच्या पोराला, नातीच्या बापाला, जवळ बोलावलं. म्हणाली, "पोरीला अशी नर्स कर. मोठ्या डिग्रीची." पोरानं हिचा हात हातात घेतला. "करतो, आई. तू काळजी सोड." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. माझ्या कानानं ऐकलंय.

अकरावीचा प्रवेश घेऊन बाप-लेक बारामतीहून आले तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो.

"झालं का?"

"झालं. सायन्स मिळालं. बायफोकल घेतलंय तिला."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून बायफोकल माझ्या नाकावर आहे. वरनं लांबचं दिसतं, खालनं जवळचं. मी म्हणालो, "आरं, एवढ्याशा पोरीला? डोळं दाखवलं का कुणाला?"

पोरगा पोट धरून हसला. नात हसली. मग मीही हसलो.

"आबा, चष्मा न्हवं, विषय हाय त्यो. शेतीचा, दोनशे मार्कांचा. टक्के वाढत्यात त्यानं."

शेतीचा म्हटल्यावर मला बरंच वाटलं. तरी विचारलं, "आन नर्सिंगला चालतंय नव्हं?"

"चालतंय की."

तांब्यानं पाणी पिता पिता म्हणाला. घोट अडकला नाही त्याचा.

दोन वर्षं पोरगी एसटीनं बारामतीला जात राहिली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचा पांढरा कोट घालून आजीच्या फोटोपुढं उभी राहायची. "आजी, सुई टोचू का?" मला वाटायचं, निम्मी नर्स झालीच.

बारावीत असताना नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला नाव घालायला आम्ही दोघं इंदापूरला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "बायोलॉजी हाय ना, ताई?"

"न्हाय. तिच्या जागी बायफोकल हाय."

"मग न्हाय व्हायचं. ह्या डिग्रीला बायोलॉजी लागतीच."

"परत बघा की, दादा," नात म्हणाली. त्यानं परत बघितलं. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. गाव येईस्तोवर तोंड वळवलं नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातल्या सरांना गाठलं. "काय घेतल्यावर काय बंद हुतंय, हे सांगायला तोंड नव्हतं का तुमाला?"

सर चिडले नाहीत. "आबा, सांगितलं होतं. तुमच्या मुलालाच. बायोलॉजी सोडली तर नर्सिंगची डिग्री नाही, म्हणालो. ते म्हणाले, असू द्या, पोरीला लांब धाडायची न्हाय. बारावी झाली की उजवायची."

भांडायला गेलो होतो. त्यांनी खुर्ची दिली, तीत बसलो.

संध्याकाळी पोरगा गोठ्यात धार काढत होता. मी म्हणालो, "आईच्या हातात हात दिला होतास."

"मरत्या माणसाला न्हाय म्हणायचं व्हतं का, आबा?" धार थांबली नाही त्याची.

ही त्याच्या शब्दावर डोळे मिटून गेली. मेल्या आईला फसवलं, जित्या लेकीला फसवलं, आणि मला तर हसवून फसवलं. त्या दिवशीचं माझं हसणं मला अजून सोसत नाही. आता तो जेवायला बसला की मी ताट घेऊन ओट्यावर येतो.

सरांनी एक वाट सांगितली होती. बारावी झाल्यावर बायोलॉजीचा एकच विषय बाहेरून देता येतो. नातीनं पुस्तकं आणली. परीक्षा पुढं आहे. निघेल का विषय, मला काय कळतंय? पोरगी वाचते एवढं दिसतं.

बारावीच्या निकालानंतर बावड्याचे पाहुणे पोरगी बघायला आले. पोरानंच बोलावलेले. नात आतल्या खोलीतून बाहेर येईना. मोठ्यानं वाचत होती, मुद्दाम.

"मुलगी शिकती का अजून?" पाहुण्यांनी विचारलं. "बारावी झाली म्हणला व्हता."

पोरगा काही बोलायच्या आत मी म्हणालो, "एक पेपर राहिलाय तिचा."

"कसला पेपर?"

"जीवशास्त्राचा. बापानं चोरला व्हता."

पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. रात्री पोरगा म्हणाला, "आबा, गावभर माझी अब्रू घालवताय तुमी."

"तुझं नाव न्हाय घेत मी कुठं," मी म्हणालो. "विषयाचं घेतो."