हद्दीवरचे तात्या

मी आज जिवंत आहे तो तात्यांमुळे. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. सौदीतल्या अल खर्जच्या आमच्या डेअरीवर त्यांना सगळे ‘मूळपुरुष’ म्हणत. गोठे, कुंपण, रस्ता काहीच नव्हतं तेव्हा ते इथे बोअरवेल खणणाऱ्यांबरोबर तंबूत राहिले. गावातले पुढचे सगळे त्यांच्या मागून आले. दहावीला गटांगळी खाल्लेला मीसुद्धा.

कुंपणाबाहेर निघालेल्याला ते फाटकाशी अडवत.

“खंय चललंस?”

“जातो जरा पंपावर.”

“जातंय म्हणायचा नाय. येतंय म्हणायचा.”

पोरं हसायची, “मूळपुरुषाचा टोलनाका!” तात्या म्हणत, “हसा. पयल्या वर्साक एक जण जातंय म्हणान गेलो. तो अजून जाताच हा.”

एका दुपारी मी पिकअप घेऊन लांबच्या पाण्याच्या पंपाकडे निघालो. तात्यांना “येतो” म्हटलं, तेही वैतागून. वाटेत वाळूचं वादळ उठलं. रस्ता पुसला गेला, चाक रुतलं. फोनला रेंज नाही, बाटलीत घोटभर पाणी. वादळ ओसरल्यावर दूर विजेचे खांब दिसले आणि घाबरून तिकडे चालत सुटलो. मागे वळून पाहतो तर माझीच पावलं वाळूत बुजत होती. तेव्हा तात्यांचं दुसरं वाक्य आठवलं: “गाडी सोडायची नाय. गाडी दिसता, माणूस दिसना नाय.” धडपडत परतलो, गाडीच्या सावलीत पडून राहिलो. ओठ एकमेकांना चिकटले होते. आईला हाका मारल्या, लपवत नाही.

इकडे फोरमन तात्यांना म्हणत होता, “आ जाएगा चाचा, यल्ला, चलो, काम देखो.” तात्यांनी ऐकलं नाही. पाण्याच्या टँकरवाल्याला जेवणावरून उठवलं आणि निघाले.

हॉर्न ऐकू आला तेव्हा ऊन कललं होतं. तात्यांनी बाटली माझ्या ओठांना लावली. “येतंय म्हणालंस मां? इलंस नाय, म्हणान आणूक इलंय.”

गेल्या महिन्यात तात्यांचं फायनल एक्झिट झालं, म्हणजे नोकरी संपवून ते कायमचे गावी निघाले. इतक्या वर्षांच्या वाळूने डोळे अंधुक झालेले. फाटकाशी या वेळी मी त्यांना अडवलं. “तात्या, येतो म्हणा.”

ते हसले. “खोटा कित्याक बोलू? आता जातंय.”

ज्या डोळ्यांनी मला वाळूत शोधलं, त्यांना डॉक्टरकडे हाताला धरून मीच नेणार. पहिली सुट्टी मिळू दे. तात्या, येतंय.