नानांची झोप आणि दोंडाईच्याची मिरची

पुण्याहून धुळ्याला जायला मी सकाळी सहाची बस पकडली, ती पोचली दुपारी तीन वाजता. वाटेत दोनदा टायर बघायला थांबली, एकदा ड्रायव्हरच्या मेव्हण्याला पिशवी द्यायला थांबली. नऊ तासांत ऑफिसातून सात फोन आले आणि सातही वेळा साहेबांनी एकच विचारलं, "पोचलात का?" आमची कंपनी दुसऱ्यांच्या गाड्या कुठे पोचल्या ते सांगण्याचा धंदा करते, पण स्वतःचं माणूस कुठे आहे ते मात्र तिला फोन करूनच विचारावं लागतं.

धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही ट्रकमध्ये यंत्रं बसवतो. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात मारला, इंजिन उगाच किती वेळ चालू ठेवलं, हे सगळं मालकाच्या पडद्यावर दिसतं. याला टेलिमॅटिक्स म्हणतात. आता त्यात एक कॅमेरा आलाय. तो ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत बसतो. पापण्या जास्त वेळ मिटल्या की केबिनमध्ये एक बाई हिंदीत ओरडते, "सावधान! आप थके हुए हैं!" आणि मालकाच्या पडद्यावर लाल ठिपका उमटतो. ड्रायव्हर लोक त्या आवाजाला मास्तरीण म्हणतात.

धुळ्याच्या शोभाअक्कांकडे अकरा ट्रक आहेत. यजमान गेल्यावर धंदा त्यांनीच सांभाळला. महामार्गालगतच्या त्यांच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा आहे आणि पडद्याशेजारी हार घातलेला एका तरुण ड्रायव्हरचा फोटो. तीन वर्षांपूर्वी त्याला घाटात डुलकी लागली होती. मी फोटोकडे पाहतेय हे पाहून अक्का एवढंच म्हणाल्या, "त्याच्या आईला मीच सांगायला गेले होते. तुमचं मशीन मी शोभेला नाही घेतलं."

मग त्यांनी पडद्यावरच्या एका नावावर बोट ठेवलं, गौतम नाना. बाकी दहा ड्रायव्हरांचे मिळून जेवढे लाल ठिपके, त्याहून जास्त एकट्या नानांचे. छप्पन्न वर्षांचा माणूस, वीस वर्षं अक्कांकडे, एकदाही कुठे गाडी घासली नाही.

"नाना म्हणतात मी झोपत नाही. मशीन म्हणतं झोपतात," अक्का म्हणाल्या. "उद्या तुम्ही सोबत जा आणि मला एकच सांगा, खरं कोण बोलतंय. मशीन खरं असेल तर परवापासून नानांच्या हातात चावी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नाना गाडीपाशी उभे होते. उंच, सडसडीत, दाढी गुळगुळीत. डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा छोटा फोटो, मध्ये आमचा कॅमेरा. मला वर चढायला जमेना. नानांनी उलटी बादली पायाखाली ठेवली आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. मी धडपडत चढले, ओढणी दारात अडकली आणि टर्रकन फाटली. दिवसाची सुरुवात अशी झाली.

दोंडाईच्याला पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. गावाबाहेर मिरची पथारी (मिरची वाळवायचं मैदान) लांबवर पसरली होती. लाल म्हणजे किती लाल, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं. बायका पायानं मिरची उलटवत होत्या, दुसरीकडे पोती भरली जात होती. मी कौतुकानं फोटो काढायला पुढे गेले आणि पहिल्याच श्वासात खोकून बेजार झाले.

"बाई, तोंडले फडकं बांधी ल्या!" एक मावशी हसत ओरडली. फाटकी ओढणी अखेर कामाला आली.

पोती भरून झाली आणि नाना चाकामागे बसले. त्यांच्या अंगावर, सीटवर, आरशावर मिरचीची भुकटी. चावी फिरवली, दोन शिंका आल्या, डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी डोळे घट्ट मिटून पुसले.

"सावधान! आप थके हुए हैं!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्यं ना ताई? हाई मिरची शे, झोप नही. (ही मिरची आहे, झोप नाही.) त्या मशीनले काय समजस?"

मला आधी हसू आलं आणि मग संताप. खात्री करायला मी चहावाल्याला दोन मिनिटं नानांच्या जागी बसवलं. तो सकाळी नऊ वाजता टवटवीत माणूस, त्यालाही मास्तरणीनं थकलेला ठरवलं. हमाल थकलेला. मी बसले, मीही थकलेली. पुण्यातल्या थंडगार खोलीत ज्यांनी हे यंत्र तपासून पास केलं, त्यांच्यापैकी एकानं तरी मिरचीच्या पोत्यांसोबत प्रवास केला होता का? मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हरला गॉगल घालायला सांगा." गॉगल घातला तर कॅमेऱ्याला डोळेच दिसत नाहीत आणि तो वेगळ्याच तक्रारीनं ओरडतो, हे साहेबांना मीच मागच्या वर्षी लिहून कळवलं होतं.

शिंदखेड्यावरून अमळनेरच्या रस्त्याला लागलो. मास्तरीण दर पाच मिनिटांनी ओरडत होती. दर वेळी नाना दचकायचे, आणि भरलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं दचकणं हे झोपेइतकंच वाईट. शेवटी मी फोनमधून केबिनचा आवाज बंद केला. तशी सोय आम्हा कंपनीच्या लोकांनाच असते. कॅमेरा चालू, ठिपके अक्कांकडे जाणार, फक्त ओरडणं बंद. जळगावला माल उतरला की परत चालू करायचं, असं मी ठरवलं.

"आते शांती!" नाना म्हणाले आणि पहिल्यांदा मोकळे हसले.

मग ते बोलायला लागले. अमळनेरच्या अलीकडे एका फाट्यावर त्यांनी बोट दाखवलं. "मनं गाव तठे शे. (माझं गाव तिकडे आहे.) तीन एकर वावर, औंदा हरभरा टाकेल शे. (तीन एकर शेत, यंदा हरभरा पेरलाय.)" मुलगी धुळ्यात नर्सिंग शिकते. ट्रक सुटला तर या वयात दुसरीकडे कोण ठेवणार, हे त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, पण सांगताना स्टिअरिंगवरचे हात घट्ट झाले. मी म्हटलं, "नाना, मी आहे ना." असं का बोलून जातो आपण?

जळगावच्या मसाला कारखान्यात पोती उतरेपर्यंत दोन वाजले. मी तिथूनच अक्कांना फोन केला. मोठ्या रुबाबात सांगितलं, "अक्का, सगळा मिरचीचा प्रकार आहे. नाना अगदी निर्दोष. चूक आमच्या मशीनची." पलीकडे अक्कांनी लांब श्वास सोडला. फोन नानांनी ऐकला होता. त्यांनी केबिन झाडून काढली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि मला जेवायला घेऊन गेले.

जानेवारीतलं जळगावचं वांग्याचं भरीत, तेही तुराट्यांवर (तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्यांचं, याबद्दल मला एक पान लिहिता येईल. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), कांद्याची पात, ठेचा. मी दोन भाकरी खाल्ल्या. वर नानांनी आग्रहानं तिसरी अर्धी वाढायला लावली. काम फत्ते झालं होतं, पोट भरलं होतं, आणि फोनमधलं ते एक बटण मी पार विसरले होते.

परतीला गाडी रिकामी होती. एरंडोल मागे पडलं. दुतर्फा कापसाची उभी वाळकी झाडं, उन्हात हलणारी. काचेतून ऊन मांडीवर येत होतं. शेवटचं मला आठवतंय ते पारोळा किती किलोमीटर हे सांगणारी पाटी.

मग खडखडाट झाला. डोळे उघडले तर ट्रक डांबर सोडून खडीवर, समोर रस्त्याच्या कामाची केशरी पिंपं. एक पिंप उडालं, दुसरं उडालं. नाना खाडकन जागे झाले आणि ब्रेकवर उभेच राहिले. ट्रक थांबला. पुढच्या पिंपापलीकडे, वीसेक पावलांवर, बाभळीच्या सावलीत चार बायका आणि दोन माणसं डबे उघडून बसली होती. एकीच्या हातातला घास तसाच राहिला होता.

तीच आधी उठली. "डोया उघाडा ठेवा ना भाऊ! आठे माणसं बठेल शेतस! (इथे माणसं बसलीत!)"

नाना खाली उतरले. त्यांनी हात जोडले, मग दोन्ही पिंपं उचलून जिथल्या तिथे उभी केली. एकाला भोक पडलं होतं, ती बाजू ते हातानं चाचपत राहिले. मी केबिनमध्येच बसून होते. केबिनमध्ये मिरचीचा कणही नव्हता. मास्तरीण ओरडली नाही, कारण तिचं तोंड मी बंद केलं होतं.

नाना परत आले तेव्हा मी विचारलं, "नाना, काल रात्री किती झोपलात?"

त्यांनी हातावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "या हप्ताले लाईन रातनी शे. (या आठवड्यात शेताची वीज रात्रीची आहे.) पानी नही दिधं ते हरभरा वायी जास. (पाणी दिलं नाही तर हरभरा वाळून जातो.)" एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ते गाडी लावून गावी जायचे, मोटार चालू करायचे, बारे (पाण्याचे वाफे) बदलत पहाटेपर्यंत उभे राहायचे आणि दाढी करून सहाला गाडीपाशी हजर.

मी फोनमध्ये जुने ठिपके काढून पाहिले. खरं तर हे मी पुण्यातच करायला हवं होतं. भरलेल्या गाडीचे ठिपके वेगळे केले, रिकाम्या गाडीचे वेगळे. रिकाम्या गाडीचे ठिपके थोडेच होते, पण सगळे एक आठवडा सोडून एक. यंत्र शंभरदा चुकलं होतं आणि मधूनमधून अगदी बरोबर होतं. मला आवडेल असं उत्तर सकाळी नऊलाच मिळालं होतं, म्हणून मी पुढे पाहिलंच नाही. स्वतःचा एवढा राग मला क्वचितच आला असेल.

धुळे जवळ आलं तेव्हा नाना म्हणाले, "मिरचीच सांगा ना ताई. काय बिघडस?"

मला त्या बाईच्या हातातला घास दिसत होता. मी म्हटलं, "नाना, मला नाही जमणार." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

अक्कांना सांगायची वेळच आली नाही. जोरात ब्रेक लागला की कॅमेरा त्याआधीच्या क्षणांची केबिनची क्लिप मालकाला पाठवतो, ती पडद्यावर थांबवून ठेवलेली होती. डावीकडे नाना, मान खाली. उजवीकडे मी, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"यातलं कोण कोणाला तपासायला गेलं होतं?" अक्कांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, माझ्या बटणासकट. नानांनी चावी आपणहून टेबलावर ठेवली, माझ्याकडे न बघता. अक्का फोटोकडे पाहत होत्या. शेवटी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि बाहेरच्या ड्रायव्हरांना आत बोलावलं. "कोणाकोणाच्या वावरात रात्रीची लाईन असते?" आधी एक हात वर झाला, मग सहा झाले. अक्का चिडल्या, आधी त्यांच्यावर, मग माझ्यावर. "एवढं मोठं मशीन, आणि हे विचारायला त्यात जागा नाही?"

नव्हती. इंजिन तापलं का विचारायला आहे, टायरमध्ये हवा किती विचारायला आहे. अक्कांनी नानांना म्हटलं, "रात्रीच्या आठवड्यात चावी माझ्याकडे. दिवसाच्या आठवड्यात तुमच्याकडे. गोडाऊनला काम आहे, तिथे या." नानांनी मान हलवली आणि निघून गेले. मी बाहेर गेले तोवर फाटकापाशी कोणी नव्हतं.

पुण्याला येऊन रिपोर्ट लिहिला. साहेब म्हणाले कारण एकच लिहा, ड्रायव्हरची चूक की यंत्राची. मी दोन्ही खोडून 'माझी' लिहिलं, तर ते म्हणाले असा पर्याय नाही. सोमवारी अक्कांचा फोन आला, लाईन दिवसाची झाली, नाना गाडीवर आहेत. "काही निरोप?" मी विचारलं. "नाही दिला," अक्का म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी बॅग उघडली. फाटकी ओढणी झटकली आणि खोलीभर मिरची उडाली. शिंक आली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेचना. आई दारात येऊन उभी राहिली.

"रडतेस का गं?"

"नाही गं, मिरची आहे."

ती आत आली आणि माझ्या शेजारी बसून राहिली.